आज्जीनं नदीत सोडलेला वारसा

यंदा बुद्ध पौर्णिमा 1 मेला आली. बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला ही तारीख कशी लागते, ते पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगून कळायचं नाही. तिकडं झेंडावंदन, सुट्टी, 1960 साली राज्य झालं त्याचा आनंद. इकडं आपण त्या राज्यात नाही याची वर्षातून एकदा होणारी आठवण. सकाळी व्हॉट्सॲप उघडलं तर आधी महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा, त्याखाली बुद्धाचा फोटो, त्याखाली शेजारच्या गल्लीतल्या पोरानं पाठवलेलं "बुद्ध पूर्णिमेय शुभाशयगळु". तिन्हीला हात जोडलेला तोच इमोजी पाठवला आणि चहा टाकायला उठले.

पोस्ट लांबणार आहे. पौर्णिमेच्या आधी आमच्या वस्तीच्या बैठकीत वाद झाला, आणि तिथं मला जे बोलायचं होतं ते चार माणसांच्या आवाजात राहून गेलं. म्हणून इथं.

वाद कागदाचा होता. दरवर्षी आम्ही वंदनेचा एक कागद झेरॉक्स करून वाटतो. त्रिसरण, पंचशील, बुद्धपूजा, सगळं देवनागरीत. मी म्हटलं, यंदा त्याच कागदाच्या मागच्या बाजूला हेच कन्नड लिपीत छापूया. वस्तीतली निम्मी पोरं कन्नड शाळेत जातात, त्यांना देवनागरी वाचता येत नाही, ती नुसती ओठ हलवतात. यावर एक काका, ज्यांना मी लहानपणापासून मानते, ते म्हणाले, "म्हंजे आता बुद्धपण त्येंनाच देऊन टाकायचा काय?" सगळे हसले. काका हसले नाहीत.

त्यांना उत्तर द्यायचं तर मला माझ्या आज्जीपासून सुरुवात करावी लागते.

माझं माहेर निपाणीकडचं. आज्जीच्या देव्हाऱ्यात टाक होते. यल्लम्मा, खंडोबा, आणखी एक कुठलातरी झिजलेला, ज्याचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं. 14 ऑक्टोबर 1956 ला, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपूरला धम्म घेतला. आज्जी काही नागपूरला गेली नव्हती. बातमी आली, माणसं बसली, बोलली, भांडली, आणि दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी आज्जीनं देव्हारा टोपलीत भरला आणि यमगर्णीच्या बाजूला वेदगंगेत सोडला. आई तेव्हा पाच वर्षांची. तिनं विचारलं, "देव पवत्यात काय?" आज्जी म्हणाली, "बघू की."

आमच्या घरात ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यात कुणी काय घातलं आणि कुणी काय काढलं ते आता कळत नाही. कधी टोपली असते, कधी पदर. "बघू की" मात्र कायम असतं.

आता तारखा बघा. 14 ऑक्टोबरला धर्म बदलला. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मध्ये 18 दिवस. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले, म्हणजे आणखी 35 दिवस. त्रेपन्न दिवसांत आमच्या माणसांचा धर्म बदलला, राज्य बदललं आणि बाप गेला. बेळगावचा इतिहास सांगणारे 1 नोव्हेंबर सांगतात, त्या दिवशी इथली मराठी माणसं पाळतात तो काळा दिन सांगतात, त्याची सायकल फेरी सांगतात. त्याच महिन्यात या जिल्ह्यातली माणसं आणखी एक सीमा ओलांडत होती, आणि ती स्वतःच्या पायांनी ओलांडत होती, हे कुणी सांगत नाही.

तीसुद्धा अचानक ओलांडली नव्हती. डिसेंबर 1924 मध्ये गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात झालं, ते इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल 1925 मध्ये, बाबासाहेब निपाणीला आले आणि तिथं मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृतांची प्रांतिक परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. ही आठवण अगदी परवापर्यंत घराघरातच राहिली होती. त्याआधी मार्च 1920 मध्ये माणगावची परिषद, शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात. आज आमच्यात आणि माणगावात राज्याची सीमा आहे, तेव्हा होती ती फक्त कोल्हापूर संस्थानाची. निपाणीचे बळवंतराव वराळे बाबासाहेबांचे सहकारी झाले, धारवाडला मुलांचं बोर्डिंग त्यांनी सांभाळलं. म्हणजे धम्म इथं आला तेव्हा जमीन तीस वर्षं नांगरून पडलेली होती.

आणि कशातून ओलांडली, तेही सांगितलं पाहिजे. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर याच जिल्ह्यात. आमच्या आज्जी-पणजींचं वर्ष पुनवेवर चालायचं, खरं ती पुनव यल्लम्माची. मार्गशीर्षातली रांडाव पुनव, जोगतिणी बांगड्या फोडतात ती. परडी, चौंडकं, भंडारा, "उदं गं आई उदं". आज्जीच्या सख्ख्या बहिणीची मुलगी देवीला सोडलेली होती. कर्नाटकात देवदासी करण्यावर बंदी आणणारा कायदा 1982 चा. त्याच्या कितीतरी आधी, 1936 साली, मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी जोगतिणी, मुरळ्या, देवदासी बायकांसमोर उभं राहून हे सोडा म्हणून सांगितलं होतं. आज्जीला ते भाषण माहीत नसणार. तिला बहिणीची मुलगी माहीत होती. म्हणून टोपलीतून पहिला टाक सोडला तो यल्लम्माचा, असं आई सांगते. चंद्र तोच, पुनव तीच, फक्त तिचा मालक बदलला. चुकलं, मालकच नको म्हणून तर सगळं केलं.

हल्ली "सांस्कृतिक वारसा" हा शब्द सारखा कानावर येतो. बेळगावात वारसा म्हणजे किल्ला, किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर, आणखी चार दगडी कामं. बुद्ध पौर्णिमा म्हटलं की सभ्य माणूससुद्धा म्हणतो, "तुमचं तसं अलीकडचंच की." बरोबर आहे, या वर्षी सत्तरावं चालू आहे. शिवाय वारसा म्हणजे वरून आलेलं, वाडवडलांचं. आमचा तर वाडवडलांचं नदीत सोडून सुरू झालेला. पण मला विचाराल तर त्यामुळंच तो जास्त वारसा आहे. दगडाला कुणी विचारत नाही, तुला राहायचंय का. आज्जीला दरवर्षी पुनव आली की परत ठरवावं लागायचं. पोर आजारी पडलं की शेजारीण म्हणायची, देवीचा कोप आहे, जाऊन ये डोंगराला. आज्जी गेली नाही. न जाणं हाच तिचा सण होता.

सुरुवातीला काय करायचं तेही कुणाला माहीत नव्हतं. देव्हारा रिकामा. आधी बाबासाहेबांचं कॅलेंडर लागलं, बुद्धाची तसबीर नंतर आली. एका मास्तरांकडं हातानं लिहिलेली वही होती, तीतून ते वंदना सांगायचे आणि बायका ऐकून म्हणायच्या. आईला अक्षर येत नाही. तिनं सगळी वंदना विड्या वळताना पाठ केली. निपाणीत हजारीवर, म्हणजे हजार विड्यांमागं मजुरी. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, आणि एक बाई म्हणायची, बाकीच्या तिच्यामागून. आजही आई पंचशील म्हणायला लागली की तिचा अंगठा आणि तर्जनी आपोआप फिरतात. (पाचव्या शीलात मद्य येतं, मादक पदार्थ येतात. तंबाखू येते की नाही यावर निपाणीत फारशी चर्चा होत नाही.)

आता शहरातला सण. बेळगावात वैशाख म्हणजे दाटीवाटीचा महिना. इथली शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची, तिची चित्ररथाची मिरवणूक रात्रभर चालते. तृतीयेला बसव जयंती. आणि पंधरा दिवसांच्या आत आमची पुनव. रस्ते तेच, कमानवाले तेच, स्पीकरवाला तोच. शिवजयंतीला भगवा लावून गेलेली टेम्पोची चौकट आमच्याकडं पंचशील ध्वज लावून येते. एका वर्षी खालचा भगवा काढायचाच राहिला होता. पंचशील ध्वजात केशरी असतोच, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. मला आलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. शहर असंच चालतं.

संध्याकाळी पांढऱ्या साड्या, हातात मेणबत्त्या, आणि हमखास वळीव. वैशाखातल्या पुनवेला बेळगावात पाऊस आला नाही असं मला आठवत नाही, म्हणजे न आलेली वर्षं मी विसरले असेन. मेणबत्त्या विझतात, पोरं मोबाइलचे टॉर्च लावतात. टॉर्चवर मोठी माणसं नाराज होतात. मला तो प्रकाश आवडतो.

आणि खीर. सुजातेनं सिद्धार्थाला खीर दिली म्हणून पुनवेला खीर. सगळीकडं तांदळाची, दुधाची. आमच्याकडं गव्हाची, कुटलेल्या गव्हाची, गूळ आणि खोबरं घातलेली. तिला आम्हीही हुग्गीच म्हणतो आणि कन्नड शेजारीही हुग्गीच म्हणतात. सुजाता आमच्या भागातली असती तर हुग्गी खाऊन सिद्धार्थाला झोप आली असती, ज्ञान चार दिवसांनी झालं असतं, असं माझे बाबा म्हणायचे. हुग्गीवरून आजवर एकदाही सीमावाद झालेला नाही, हे नोंदवून ठेवते.

डीजेबद्दल लिहीत नाही. वीस वर्षांच्या पोरांना नाचावं वाटतं, नाचू देत. माझ्या दृष्टीनं सणाचा जीव मिरवणुकीत नाही. तो आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत चालणाऱ्या वर्षावासात आहे. तीन महिने रात्री जेवणं झाली की समाजमंदिरात "बुद्ध आणि त्यांचा धम्म" वाचतात. ग्रंथ बाबासाहेब गेल्यानंतर, 1957 साली इंग्रजीत छापून आला, आम्ही मराठीत वाचतो. आमच्याकडं एक निवृत्त कंडक्टर वाचतात, थांबे घेत घेत. मध्ये लाइट जाते. बायका प्रश्न विचारतात, आणि असे विचारतात की वाचणारा अडतो. "बायकोला रात्री झोपेत सोडून गेला, हे बरं काय?" यावर त्या कंडक्टरांनी दुसऱ्या दिवशी पान शोधून आणलं आणि दाखवलं की बाबासाहेबांनी तसं लिहिलेलंच नाही, तिथं रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आहे, आणि सिद्धार्थ यशोधरेला सांगून निघतो. त्या रात्री साडेअकरापर्यंत कुणी उठलं नाही. पाण्याचा तंटा म्हटल्यावर कर्नाटक-महाराष्ट्राच्या माणसांना वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या मुलीनं मला फोनवर सोलमधला व्हिडिओ दाखवला. दक्षिण कोरियात बुद्धाच्या जन्माच्या सणाला कागदी कमळांचे हजारो कंदील घेऊन मिरवणूक निघते, 2020 मध्ये युनेस्कोनं तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यांची परंपरा हजार वर्षांहून जुनी. आणि त्यात बौद्ध नसलेलेही कंदील घेऊन चालतात. मुलगी म्हणाली, आई, आपल्याला आकाशकंदील करता येतात की. यंदा वस्तीतल्या पोरांनी अकरा केले. दोन वळवात भिजले. पांढरे करायचे की निळे यावर जो गोंधळ झाला, तो युनेस्कोनं बघितला असता तर यादीत घ्यायचं की नाही याचा परत विचार केला असता.

परत काकांकडं येते. त्यांची भीती मला वेडी वाटत नाही. मराठी शाळांची पटसंख्या घसरताना त्यांनी बघितली आहे. 2014 मध्ये शहराचं नाव अधिकृत बेळगावी झालं. 2024 पासून दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. ज्या माणसाच्या आयुष्यात मराठीची जागा दरवर्षी वीतभर कमी होते, त्याला वंदनेच्या कागदाची मागची बाजूसुद्धा द्यायला जड जाणार. उद्या कुणी सक्तीनं सांगितलं की वंदना कन्नडमध्येच छापा, तर काकांच्या शेजारी पहिली मी उभी राहीन.

खरं वंदना मराठीची तरी कुठं आहे? ती पालीत आहे. पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहलीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मीत, थायलंडात थाईत, आपण देवनागरीत. ज्यांच्याकडून बाबासाहेबांनी त्रिसरण-पंचशील घेतलं ते कुशीनाराचे चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशाचे. आणि त्यानंतर समोरच्या लाखो माणसांना बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत, कारण समोरच्यांना मराठी कळत होतं. समोर चौथीतलं कन्नड शाळेतलं पोर बसलं असेल तर काय करायचं, याचं उत्तर मला त्यातच दिसतं.

"त्येंना देऊन टाकायचा" हेही मला पटत नाही. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी सन्नतीला 1980 च्या दशकात अशोकाचे शिलालेख सापडले. त्याला लागूनच कनगनहळ्ळीच्या स्तूपात अशोकाची शिल्पाकृती निघाली, त्यावर ब्राह्मीत त्याचं नाव कोरलेलं. बुद्ध त्यांच्याकडं आपल्या 1956 च्या कितीतरी आधी येऊन बसलेला आहे. नदीसुद्धा भीमाच, आपल्याकडून तिकडं वाहत गेलेली.

शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला तिबेटी लोकांची वसाहत आहे, 1960 च्या दशकात वसलेली, मोठमोठे मठ आहेत. आम्ही आईला घेऊन गेलो होतो. ती सगळ्या भिंती, सगळ्या मूर्ती, सगळे रंग बघून आली आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "एवढं देव? मग आपण कशाला सोडलो?" त्यावर मला अजून नीट उत्तर सुचलेलं नाही. पण मठातल्या एका म्हाताऱ्या भिक्खूसमोर तिनं "बुद्धं सरणं" म्हटल्यावर त्यानं तिच्यापेक्षा खाली वाकून हात जोडले, तेही मी बघितलं.

एक आकडा सांगते. 2001 च्या जनगणनेत कर्नाटकात बौद्ध चार लाखांच्या घरात होते. 2011 मध्ये एक लाखही भरले नाहीत. महाराष्ट्रात त्याच वेळी 65 लाखांवर. तीन लाख माणसं काय पुन्हा डोंगराला गेली? आमच्याच घराचं सांगते. गणतीला आलेल्या माणसानं दारात उभं राहून नाव विचारलं, वय विचारलं, धर्माच्या रकान्यात न विचारता हिंदू लिहिलं. मी म्हटलं, बौद्ध लिहा. तो म्हणाला, "मग सर्टिफिकेटला त्रास होईल बघा." त्रास होत नाही, 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रानं लागू केल्यात. पण माझ्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार आहे, आणि त्या दिवशी माझाही आवाज क्षणभर खाली गेला. 2027 ची जनगणना येते आहे. कन्नड शाळेतून बाहेर पडलेल्या आमच्या पोरांना त्या रकान्यात काय सांगायचं ते माहीत असायला हवं असेल, तर आधी त्यांना वंदना वाचता आली पाहिजे. माझा कागदाचा हट्ट तिथून आला आहे.

बैठकीत शेवटी ठरलं ते असं, की यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. "बघू की" आमच्या घरात कशाला म्हणतात ते वर लिहिलंच आहे.

मी थांबले नाही. भावाचा धाकटा चौथीत आहे, कन्नड माध्यमात. त्याला म्हटलं, मी सांगते, तू लिही. त्यानं चौरेघी वहीत त्याच्या गोल गोल अक्षरांत पंचशील उतरवून काढलं. मला ते तपासता येईना, माझं कन्नड पाट्या आणि बसचे बोर्ड वाचण्यापुरतं. त्याच्या बापाला वेळ नाही. म्हणून तो वही घेऊन आज्जीपुढं, म्हणजे माझ्या आईपुढं, बसला आणि मोठ्यानं वाचायला लागला. आईला ना मराठी अक्षर येतं ना कन्नड. डोळे मिटून ऐकत होती. त्यानं "दम्मं सरणं" म्हटल्यावर डोळे न उघडता म्हणाली, "दम्म न्हवं, धम्म. पोटातनं काढ." त्यानं खोडलं, लिहिलं. "पाणातिपाता" बरोबर, "अदिन्नादाना" बरोबर. पाचव्याला तो अडकला. सुरामेरय, मग काहीतरी गिळलं, मग परत सुरामेरय.

आईनं डोळे उघडले आणि एका दमात म्हटलं, "सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि." बाबा होते तेव्हा ही ओळ ती त्यांच्याकडं बघून म्हणायची, ती सवय अजून गेलेली नाही. बघत होती भिंतीवरच्या फोटोकडं, आणि अंगठा-तर्जनी फिरत होती.

"आज्जी, हळू की," पोरगं म्हणालं. "ह्यातलं ट्ठ कसं लिहायचं?"

"ते मला काय विचारतोस? तू साळंत जातोस न्हवं?"